तिनं ते तोंड बघितलंय

४ एप्रिल २०२१, रविवार. करोनाची दुसरी लाट अंगावर आलेली. उद्यापासून रात्रीची संचारबंदी आणि शनिवार-रविवार सगळं बंद, असं मुंबईहून जाहीर होत होतं. मी टीव्हीसमोर वही घेऊन बसले होते, कारण शाळेच्या ऑनलाइन तासांचं वेळापत्रक पुन्हा बदलावं लागणार होतं. पडद्याच्या तळाशी पट्टी पळत होती. रुग्णांचे आकडे, खाटा, ऑक्सिजन. त्यातच एक ओळ सरकत गेली : ज्येष्ठ अभिनेत्री शशिकला यांचं मुंबईत निधन, वय ८८. तिच्या मागोमाग पुन्हा आकडे.

आई पलंगावर लसूण सोलत बसली होती. ती पट्टी तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. मी म्हटलं, "आई, शशिकला गेली."

तिचे हात थांबले. "कंची? आपली?"

"हो. आपली."

तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या, टरफलं पदरातून झटकली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही.

आमच्या घरात शशिकलाला 'आपली' म्हणायला लागून तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती.

१९८५ साल. आम्ही सोलापुरात साखर पेठेत एका वाड्यात भाड्यानं राहायचो. दोन खोल्या, सगळ्यांत मिळून एक अंगण आणि एक नळ. वाड्यातली बहुतेक बिऱ्हाडं पद्मशाली विणकरांची, आमच्यासारखी मराठी बोलणारी दोन-तीनच. मागांचा खडखडाट दिवसरात्र चालायचा आणि तो इतका अंगवळणी पडलेला की वीज जाऊन माग थांबले की पाळण्यातली पोरं दचकून उठायची. दुपारच्याला शेजारच्या अक्का आणि त्यांच्या सुना मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. सुपात एका बाजूला कापलेली तेंदूची पानं, एका बाजूला तंबाखू, बोटाशी दोरा. हजार विड्यांचा हिशेब द्यायचा असायचा, त्यामुळे बोटांना विश्रांती नाही. टीव्ही फक्त घरमालकांकडे. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी सिनेमा लागायचा तेव्हा ते त्याचं तोंड खिडकीकडे करून ठेवायचे आणि सगळा वाडा अंगणात जमायचा. अक्कांच्या मांडीवर तेव्हाही सूप असायचंच. पडद्याच्या निळ्या उजेडात विड्या वळल्या जायच्या.

त्या रविवारी 'आरती' होता. मीनाकुमारी डॉक्टर झालेली, प्रदीपकुमारशी लग्न करून त्याच्या घरी आलेली, आणि त्या घरात शशिकला. जाऊ. गोड बोलून काड्या घालणारी. ती पडद्यावर आली की अंगणात कुजबुज सुरू व्हायची, तेलुगूत आणि मराठीत. एकीनं बोटं मोडली. एक म्हणाली, "मुडदा बशिवला हिचा, बघ कशी हसायली." मीही तिचा राग राग करत होते. बारा वर्षांची होते मी, मीनाकुमारीसाठी रडत होते.

तेवढ्यात मागून माझी आजी म्हणाली, "शिव्या देऊ नगासा. सोलापूरची हाय ती."

कुणाचा विश्वास बसेना. "सोलापूरची? आन् इतकी वंगाळ?"

"जवळकराची पोरगी," आजी म्हणाली. "लहानपणी नाचायची, गायची. बापाचा धंदा बसला, मग मुंबईला गेले."

कोणी काही बोललं नाही. सिनेमा पुढे चालू राहिला, पण त्यानंतर शशिकला आली की शिव्या जरा हळू आवाजात यायला लागल्या.

रात्री अंथरुणं घालताना आई आपणहून म्हणाली, "ती लई चांगलं काम करती. तिनं ते तोंड बघितलंय कुणाच्या तरी घरात." मला कळलं नाही. मी विचारलं, कुठलं तोंड? आई म्हणाली, "मालकिणीचं. भांडी घासणाऱ्या बाईलाच ते एवढं बारीक ठावं असतंय."

आई तेव्हा रेल्वे लाइन्स या वस्तीतल्या तीन घरी धुणीभांडी करायची.

ती काय म्हणत होती हे मला त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या सुट्टीत कळलं. तिच्या हाताला कापलं होतं म्हणून मदतीला मी तिच्याबरोबर जात होते. त्यातल्या एका घरी मोठी बाग होती, मागच्या दाराशी घंगाळ आणि मोरी. आई घासायची, मी विसळायची. सगळी भांडी पालथी घालून झाल्यावर त्या घरची बाई बाहेर आली. काही बोलली नाही. एक पातेलं उचललं, आतून कडेनं बोट फिरवलं आणि ते बोट आईच्या समोर धरलं. चेहऱ्यावर राग नव्हता. तोंड हसरंच होतं. फक्त एक भुवई वर गेली होती, इतकीशी, आणि तिथंच थांबली होती. आईनं पातेलं परत घेतलं आणि पुन्हा घासलं. मला आजही त्या बाईचं बाकी काही आठवत नाही, साडीचा रंग नाही, नाव नाही. ती भुवई आठवते.

आता शशिकलाबाईंचे जुने सिनेमे पुन्हा बघते तेव्हा लक्षात येतं की त्या आवाज चढवत नाहीत. त्या काळच्या पडद्यावरच्या दुष्ट बायका बऱ्याचदा किंचाळायच्या, डोळे वटारायच्या. शशिकलाबाई मान किंचित कलती करतात, ओठांच्या एका कोपऱ्यात हसू ठेवतात आणि बाकी सगळं काम भुवई करते. ते हसू समोरच्यासाठी असतं, भुवई आपल्यासाठी. कॅमेऱ्यासमोर उभी राहून एवढीशी हालचाल करून थांबायचं, यासाठी केवढा भरवसा लागत असेल स्वतःच्या चेहऱ्यावर! 'आरती'साठी त्यांना फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. १९६२चा तो सिनेमा म्हणजे ताराचंद बडजात्यांच्या राजश्री संस्थेची पहिली निर्मिती, दिग्दर्शक फणी मजुमदार. मीनाकुमारी आणि अशोककुमार समोर असताना लोकांच्या लक्षात राहिली ती जाऊ.

आईचं ते वाक्य मी विसरून गेले होते. पुढे कितीतरी वर्षांनी, नोकरीला लागल्यावर, एका दिवाळी अंकात शशिकलाबाईंविषयी वाचत होते आणि एका ओळीपाशी थांबले. मुंबईत आल्यावर पोटासाठी या मुलीनं लोकांच्या घरी कामं केली होती. कामवाली म्हणून. अंगावर काटा आला. आईला यातलं काहीएक माहीत नव्हतं. तिनं ते पडद्यावर वाचलं होतं.

शशिकला जवळकर. जन्म ४ ऑगस्ट १९३२, सोलापूर. त्या सालाकडे सोलापूरकर म्हणून बघितलं की मला वेगळं काहीतरी दिसतं. दोन वर्षं आधी, १९३०च्या मे महिन्यात, इथं इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. ज्या गावाच्या घराघरात ती जखम ओली होती त्या गावात ही मुलगी जन्मली. गाव गिरण्यांचं, भोंग्यावर उठणारं. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार बोली एकाच गल्लीत कानावर पडणारं. पुढे मुंबईत तिला हिंदी-उर्दू संवाद बोलायला लागले तेव्हा जीभ वळायला हे गावच उपयोगी पडलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

घर सुखवस्तू होतं. सहा भावंडं. पाच वर्षांची होईपर्यंत ही मुलगी जिल्ह्यातल्या गावोगावी स्टेजवर नाचत होती, गात होती, नाटकांत काम करत होती. तेव्हाच्या सोलापूर जिल्ह्यातलं स्टेज म्हणजे काय, हे मी आजीकडून ऐकलंय. चार बाकं जोडून वर सतरंजी, मागे एखाद्याच्या घरचं लुगडं पडदा म्हणून, गॅसबत्ती, आणि समोर सगळं गाव जमिनीवर मांडी घालून. तिथं लाज मोडते. तिथं शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला दिसेल असा चेहरा करायला पोर शिकतं.

मग वडिलांचा व्यापार बुडाला. लंडनला शिकायला गेलेल्या धाकट्या भावाला ते पैसे पाठवत राहिले आणि स्वतःचं घर मागे पडलं, असं शशिकलाबाईंनी पुढे मुलाखतींतून सांगितलंय. त्या सांगण्यात वडिलांवर राग नसायचा, याचं मला फार वाटतं. मुलींत ही दिसायला देखणी, नाच-गाण्याची; सिनेमात काम मिळालं तर घर तगेल, या आशेवर कुटुंब मुंबईला गेलं. काम लगेच मिळालं नाही. स्टुडिओचे उंबरे झिजवायचे आणि मधल्या वेळात दुसऱ्यांच्या घरी राबायचं. दहा-बारा वर्षांची पोर. माझ्या वर्गात त्या वयाची पन्नास मुलं असतात. त्यांची दप्तरं बघताना कधीकधी हे मनात येऊन जातं.

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. तेव्हाची गाणारी नायिका नूरजहाँ, तिची नजर या मुलीवर पडली. नूरजहाँचे पती शौकत हुसेन रिझवी तेव्हा 'झीनत' करत होते. १९४५चा तो सिनेमा, आणि त्यातली ती प्रसिद्ध कव्वाली, जिच्यात गाणाऱ्या सगळ्या बायका होत्या. आवाज नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांचे. पडद्यावर बसलेल्या मुलींत श्यामा होती आणि शशिकला होती. यूट्यूबवर ती कव्वाली आहे. मी ती आईला दाखवली तेव्हा तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन शोधली, "ही व्हय," म्हणाली आणि स्क्रीनवर बोट टेकवलं. चित्र थांबलं. बारा-तेरा वर्षांचा तो चेहरा बोटाखाली.

फाळणीनंतर नूरजहाँ पाकिस्तानात गेली. शशिकलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. छोटी कामं, मधूनच मोठं एखादं. १९५३ साली व्ही. शांतारामांच्या 'तीन बत्ती चार रास्ता'मध्ये ती होती. ओमप्रकाश सैगल यांच्याशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. नायिका म्हणून ती कधी फार चालली नाही आणि त्याचं कारण मला तरी सापडत नाही. डोळे, रंग, नाच, सगळं होतं.

'सुजाता' बघा. १९५९, बिमल रॉय. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातली अनाथ मुलगी नूतन, आणि ज्या घरात ती वाढते त्या घरची पोटची मुलगी रमा, म्हणजे शशिकला. ज्याच्याशी रमाचं लग्न व्हावं असं घरच्यांना वाटतं तो मुलगा सुजातावर, म्हणजे नूतनवर, प्रेम करतो. दुसऱ्या कुठल्याही सिनेमात या रमानं डाव रचले असते. इथं तिच्या मनात किल्मिष येत नाही. बालपणावरचं एक गाणं दोघी बहिणी मिळून गातात, एक आत पियानोशी आणि दुसरी बाहेर, एकमेकींना न दिसता. आतल्या मुलीच्या चेहऱ्यावर एवढं निर्मळ हसू आहे की तिला पुढची पंधरा वर्षं कुणी खलनायिकाच करायला लावली, यावर विश्वास बसत नाही. 'अनुपमा'तही तेच. हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली तिला अ‍ॅनी दिली, बडबडी, खळखळून हसणारी. शर्मिला टागोर सिनेमाभर गप्प आणि तिच्या वाट्याचं सगळं बोलणं जणू अ‍ॅनी बोलून घेते.

पण 'आरती' चालला, पारितोषिक मिळालं, आणि पुढच्याच वर्षी बी. आर. चोप्रांचा 'गुमराह' आला. त्यातली लीला मला तिची सगळ्यात मोठी भूमिका वाटते. लग्न झालेली माला सिन्हा जुन्या प्रियकराला चोरून भेटते, आणि ही बाई येऊन तिला धमकावते, पैसे उकळते, तिच्या घरात शिरते, सोफ्यावर रेलून बसते. माला सिन्हाबरोबर आपलाही जीव घशाशी येतो. आणि अगदी शेवटी कळतं की ही ब्लॅकमेल करणारी नव्हतीच. ती नवऱ्याच्या ऑफिसातली सेक्रेटरी. नवऱ्यानंच तिला हे सोंग घ्यायला लावलेलं. म्हणजे दोन तास आपण जिचा द्वेष केला ती कामावर आलेली बाई होती. सांगितलेलं काम चोख करत होती. यापेक्षा शशिकलाबाईंच्या आयुष्याला लागू पडणारी गोष्ट कुणी लिहून देऊ शकलं नसतं. त्याही भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं, लागोपाठ दुसरं.

त्यानंतर मात्र निर्मात्यांनी तेच ते ताट पुढे केलं. 'फूल और पत्थर', 'नीलकमल' आणि किती तरी. शंभरावर सिनेमे. हिंदी पडद्यावर दोन पिढ्यांनी जिच्या नावानं बोटं मोडली अशी सासू म्हणजे ललिता पवार आणि जाऊ-नणंद म्हणजे शशिकला. एक येवल्याची, एक सोलापूरची. नायिकेला रडवणारं कोणी तरी लागायचं आणि ते काम या दोन मराठी बायकांनी वर्षानुवर्षं केलं. पण त्यांना रस्त्यात भेटणाऱ्या बायका खरंच घाबरायच्या, तोंड फिरवायच्या. त्याची भरपाई कुठल्या पारितोषिकानं होते?

सत्तरच्या दशकात आयुष्य विस्कटलं. लग्न मोडलं, त्या परदेशात गेल्या, तिथं फार वाईट दिवस काढून परत आल्या. ते त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितलेलं आहे आणि मी ते इथं पुन्हा मांडणार नाही. त्यांनी जे सांगितलं ते स्वतःचं मन मोकळं करायला सांगितलं, आपल्याला चघळायला नाही.

मला सांगायचंय ते त्यानंतरचं. त्या कलकत्त्याला मदर तेरेसांच्या संस्थेत गेल्या. नऊ वर्षं त्यांनी तिथं काम केलं असं त्या सांगत. टाकून दिलेली मुलं, कुष्ठरोगी, मरणाच्या दारातली माणसं. त्यांना आंघोळ घालणं, जखमा धुणं, घाण साफ करणं. पडद्यावर जिच्या हातात हस्तिदंती सिगारेट-होल्डर शोभायचा ती बाई. लोक याला 'प्रायश्चित्त' म्हणतात, आणि हा शब्द मला मान्य नाही. प्रायश्चित्त पापाचं असतं. तिनं कुठलं पाप केलं होतं? पडद्यावरचं सोंग हे पाप असेल तर नूतनच्या सोज्वळपणाचं पुण्य कुणाच्या खात्यात जमा झालं? मला असं वाटतं की दहा-अकराव्या वर्षी ज्या हातांनी पोटासाठी दुसऱ्यांची भांडी घासली, त्याच हातांना चाळीस वर्षांनी पुन्हा धुण्या-पुसण्याचं काम मिळालं, फक्त या वेळी कुणी बोट फिरवून बघणारं नव्हतं. हे माझं वाचन आहे. पण मी भांडी घासणाऱ्या बाईची मुलगी आहे आणि मला ते खरं वाटतं.

तिथून परत आल्यावर त्यांनी पुन्हा काम केलं. 'सोनपरी' ही मालिका बघत वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना शशिकला म्हणजे प्रेमळ आजी एवढंच माहीत. मी वर्गात त्यांना सांगितलं की एके काळी हिला बघून बायका शिव्या द्यायच्या, तर ती मुलं माझ्याकडे अविश्वासानं बघत राहिली. 'कभी खुशी कभी गम'मध्येही त्या होत्या. २००७ साली पद्मश्री मिळाली.

पद्मश्रीनंतरची एक गोष्ट सांगायची राहिली तर मला झोप लागणार नाही.

मी तेव्हा ज्या शाळेत शिकवत होते तिथं स्नेहसंमेलनासाठी दर्शनी भिंतीवर 'सोलापूरची रत्नं' असा मोठा फलक करायचं ठरलं. नावं सुचवायची होती. चार हुतात्मे, शाहीर राम जोशी, कवी कुंजविहारी, कवी संजीव, डॉ. द्वारकानाथ कोटणीस. मी शशिकलाबाईंचं नाव दिलं. बैठकीत एक क्षण शांतता. मग कुणी तरी म्हणालं, "बाई, मुलांसमोर खलनायिका कशाला?" मी पद्मश्रीचं सांगितलं, मदर तेरेसांचं सांगितलं. शेवटी कोटणिसांचं नाव घेऊन म्हटलं, तेही सोलापूर सोडून लांब गेले, १९३८ साली चीनमध्ये, परक्या लोकांच्या जखमा बांधत १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले, आणि म्हणून आपण त्यांना आपलं म्हणतो. ज्या शांतारामांनी १९४६ साली कोटणिसांवर सिनेमा काढला आणि त्यांची भूमिका स्वतः केली, त्याच शांतारामांच्या सिनेमात ही सोलापूरची मुलगी पुढे उभी राहिली. तिनंही परक्यांच्या जखमा धुतल्या. मग?

"पुढच्या वर्षी बघू," असं ठरलं. फलक आठ नावांचा झाला. मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. भांडी घासणाऱ्या बाईचं नाव भिंतीवर कोण लिवतंय." ती हे कुणाबद्दल म्हणाली ते मी विचारलं नाही.

त्या रविवारी, ४ एप्रिलला, शशिकलाला श्रद्धांजली वाहायला कुठं सभा भरणार नव्हती. भरली असती तरी सोलापुरात किती जण आले असते? सगळं गाव घरात कोंडलेलं. मी मोबाईलवर 'अनुपमा'तलं अ‍ॅनीचं पावसाळी हवेतलं गाणं लावलं आणि आईच्या हातात दिलं. ती पलंगाच्या कडेला बसून बघत राहिली. हातांना लसणाचा वास, त्यामुळे मोबाईल तिनं तळव्यांच्या कडांनी धरला होता. डोंगरात, झाडांत, हसत पळणारी ती बाई. गाणं संपलं तसं आईनं पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा संपल्यावर म्हणाली, "हिला असंच हसू द्यायला पायजे होतं."

आमच्याकडे कामाला येणारी मुलगी तेव्हा येत नव्हती, तिच्या घरी दोघं पॉझिटिव्ह होते. तिचा पगार चालू होता, ते आईनं निक्षून सांगितलेलं. भांडी मीच घासायचे, पण त्या संध्याकाळी आई उठली, पाटावर बसली आणि म्हणाली, मी घासते, तू विसळ. पंचाहत्तर वर्षांची ती, मी अठ्ठेचाळीस. गुडघे दुखतात तिचे. मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही.

आम्ही दोघी गप्प होतो. नळाचं पाणी आणि तारेच्या चोथ्याचा आवाज. मी चहाचा एक कप विसळून पालथा घालायला गेले तेवढ्यात आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला. आत कडेनं बोट फिरवलं. बोट माझ्यासमोर धरलं. तोंड हसरं होतं, आणि एक भुवई हळूच वर गेली, इतकीशी, आणि तिथंच थांबली.

क्षणभर मला शशिकला दिसली. मग तिच्या मागची ती दुसरी बाई, रेल्वे लाइन्समधल्या बंगल्याच्या मागच्या दाराशी उभी असलेली. छत्तीस वर्षं आईनं ती भुवई जपून ठेवली होती आणि कधी कुणावर चालवली नव्हती.

"जमतंय का गं मला?" आईनं विचारलं.

मला बोलता येईना. मी मान हलवली. भुवई खाली आली. तिनं कप नळाखाली पुन्हा एकदा धरला, पालथा घातला आणि पुढचं पातेलं जवळ ओढलं.